इंजिन ठणठणीत, पत्रा संपला: गंजलेल्या जुन्या गाडीला रीतसर निरोप कसा द्यावा

कोकणात गाडी इंजिनामुळे जात नाही, पत्र्यामुळे जाते. रत्नागिरी, दापोली, मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही जुन्या गॅरेजच्या मागच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या गाड्या बघा. त्यातल्या कितीतरी चांगली बॅटरी लावली तर आजही स्टार्ट होतील. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन वेळेवर तेल बदललं तर कुरकुर न करता चालत राहतं. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी क्लच प्लेट, ब्रेक शू, कार्ब्युरेटरचं किट या वस्तू अजून मिळतात. पण ज्या पत्र्यावर हे सगळं बसवलेलं असतं तो एकदा सडला, की त्याला दुकानात पर्याय नसतो.

म्हणून हा निर्णय जड जातो. गाडी चालते, आवाज गोड आहे, घरच्यांचा जीव तिच्यात आहे, आणि पत्रेवाला खालून बाहेर येऊन मान हलवतो. हे मार्गदर्शन त्या क्षणापासून पुढचं आहे: गंज खरंच किती खोल गेलाय हे स्वतः कसं पाहायचं, कुठे थांबायचं, आणि गाडी सोडायची ठरली तर कागदोपत्री आणि माणुसकीने कशी सोडायची. उदाहरणं मुख्यतः ८०० ची आहेत, कारण आमच्या घरातली गाडी ती आणि मी तिला खालून सगळ्यात जास्त पाहिलंय. झेन, एस्टीम, सँट्रो, जुनी अल्टो यांनाही हेच लागू होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. महाराष्ट्रात खाजगी गाडीला १५ वर्षं झाली म्हणून ती भंगारात घालावीच लागते, असा कायदा नाही. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची जी मर्यादा आपण ऐकतो ती दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातली. आपल्याकडे १५ वर्षांनी पासिंग करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा, की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये झालं. तेव्हा वयामुळे घाईने गाडी काढू नका. पण पासिंग झालं म्हणजे सांगाडा शाबूत आहे, असंही समजू नका. पासिंगचा कागद म्हणजे कार्पेटखालच्या पत्र्याची हमी नाही.

इथे गंज एवढा का लागतो

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. मिठाला हवेतली ओल ओढून घ्यायची खोड आहे. त्यामुळे पाऊस नसताना, अगदी मार्च-एप्रिलच्या रात्रीही, मिठाचा थर बसलेला पत्रा ओलाच राहतो. त्यात रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि आपल्या जुन्या गाड्यांचा बहुतेक पत्रा जस्ताचा थर नसलेला, पातळ. रंगाला टाचणीएवढी चीर पडली की आतून काम सुरू.

काही सवयी याला हातभार लावतात. गाडी पुळणीवर घालणं. डिकीतून मासळी आणणं: बर्फाचं खारं पाणी स्टेपनीच्या खळग्यात उतरतं आणि तिथेच बसतं. आंब्या-फणसाखाली गाडी लावणं: पानं वायपरखालच्या जाळीत कुजतात, पाण्याची वाट बंद होते आणि पाणी आत पायाशी झिरपतं. चाकांवरच्या कमानीत थापली गेलेली लाल माती तर दिवाळीपर्यंत ओली राहते. हे सगळं तपासणीआधी सांगायचं कारण, गंज कुठे शोधायचा ते यावरूनच कळतं.

पायरी १: गाडी खालून पाहा, आणि स्वतः पाहा

गॅरेजवाल्यावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण हा निर्णय आयुष्यभर लक्षात राहणार असतो, तेव्हा भोक तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं. "पत्रा गेलाय" हे ऐकून मनाला पटत नाही. टोचा आरपार गेलेला पाहिला की पटतं.

तपासणी कोरड्या दिवसात करा. आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरला नेऊन खालून जोरदार पाणी मारून घ्या, म्हणजे माती निघून जाईल, आणि रात्रभर वाळू द्या. लिफ्ट किंवा पिट असलेलं गॅरेज गाठा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. गंजलेल्या गाडीत जॅक लावायची जागाच सडलेली असते, आणि जॅक पत्रा फाडून आत घुसतो. सोबत टॉर्च, बोथट टोचा किंवा चपटा पेचकस, छोटी हातोडी, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि खडू. फोटो काढायला फोन आहेच.

आतून सुरुवात करा. मॅट आणि कार्पेट पूर्ण उचला. चालकाच्या टाचेखालची जागा आणि पॅडलच्या मागचा उभा पत्रा बघा. कार्पेटखाली फोम ओला असेल तर खालचा पत्रा वरून काळा-तपकिरी आणि पापुद्रे सुटलेला दिसेल. मागच्या सीटखाली, आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे पत्र्यात शिरतात तिथे खास लक्ष द्या. बेल्ट कितीही मजबूत असला तरी बोल्टभोवतीचा पत्रा कुजला असेल, तर अपघातात तो उपटून येईल.

मग खालून. दरवाज्यांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी असते. गॅरेजमध्ये कुणी तिला सिल म्हणतं, कुणी नुसतं साइडची पेटी. ८०० सारख्या गाडीला वेगळं चेसिस नसतं. बॉडी हाच सांगाडा, आणि त्या सांगाड्याची कंबर म्हणजे ही पेटी. हातोडीने हलकेच ठोकत पुढून मागे जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला बद्द आवाज करतो, किंवा आत पापुद्रे खुळखुळतात. जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण करा आणि टोचा दाबा. ठोसा मारायचा नाही, अंगठ्याच्या जोराने दाबायचं. आत गेला तर तो पत्रा नाही, गंजाला धरून ठेवलेला रंग आहे.

पुढची ठिकाणं याच पद्धतीने: मागच्या चाकांचा दांडा बॉडीला ज्या कंसांनी धरलेला असतो ते कंस, मागच्या स्प्रिंगची बैठक, पुढचा लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा) जिथे बसतो तो भाग, स्टिअरिंगचा रॅक ज्या आडव्या पत्र्यावर आहे तो, पेट्रोल टाकीचे पट्टे, ब्रेकच्या लोखंडी नळ्या. नळीवर खरखरीत पापुद्रे दिसले तर गाडी त्याच दिवसापासून चालवणं थांबवा. बाकीचं नंतर ठरवू, पण ब्रेक नाही.

शेवटी बॉनेट उघडा. बॅटरीखालचा ट्रे आम्लाने खाल्लेला असणं नेहमीचंच. त्याच्या शेजारी शॉकअब्सॉर्बर वर जिथे बोल्टने धरलेला असतो तो घुमट बघा. तिथे तडे किंवा फुगवटा असेल तर ती गंभीर गोष्ट आहे. डिकीत स्टेपनी काढून खळगा पाहा. बाहेरच्या पत्र्यावर चुंबक फिरवा: जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. जुनी गाडी विकत घेतलेल्या अनेकांना या चुंबकामुळे पहिल्यांदा कळतं की चाकावरची सुंदर कमान निम्मी पत्र्याची नाहीच.

गाडी चालवतानाही तिच्याकडून इशारे येत असतात. एका बाजूला जॅक लावला की त्या बाजूचा दरवाजा अडकणं. खड्ड्यातून जाताना मागून येणारा बोथट दणका, जो शॉक बदलूनही जात नाही. पावसात पायाशी येणारं पाणी. आणि काचा बंद असताना येणारा धुराचा वास. शेवटचा इशारा हसण्यावारी नेऊ नका. जमिनीच्या भोकांतून सायलेन्सरचा धूर आत येतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो. लहान मूल मागच्या सीटवर झोपलेलं असेल तर ते झोपेतच गुंगीत जाऊ शकतं.

पायरी २: वरचा गंज आणि हाडाचा गंज वेगळा करा

सगळा गंज सारखा नसतो, आणि प्रत्येक गंजलेली गाडी सोडायची नसते. हे इथे ठासून सांगतो, कारण घाबरून चांगल्या गाड्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

दरवाज्याची खालची कड, बॉनेटचा काठ, पुढचं मडगार्ड, डिकीचं झाकण: हा वरचा गंज. मडगार्ड बोल्टचं आहे, बदलता येतं. दरवाजा दुसऱ्या गाडीचा मिळतो. यासाठी गाडी सोडू नका.

जमिनीचा पत्रा मधल्या वर्गात येतो. हाताएवढं भोक असेल आणि कडेचा पत्रा जाड असेल, तर कापून नवा तुकडा बसवता येतो. अट एकच: चकचकीत लोखंड लागेपर्यंत जुना पत्रा कापला पाहिजे. गंजावर नवा पत्रा झाकून वेल्डिंग केलं, की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठतं आणि पुढच्या पावसाळ्यात आजूबाजूचंही जातं. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, हेही विसरलं जातं. त्या पोकळीत नंतर मेण किंवा गंजरोधक फवारलं नाही, तर दुरुस्तीच्या जागेपासूनच नवा गंज सुरू होतो. आणि ओल्या गंजावर डांबरी अंडरकोटिंग मारणं म्हणजे रोग झाकणं. आतली ओल बाहेर पडत नाही, आणि वरून सगळं काळं कुळकुळीत दिसत असल्यामुळे कुणी बघतही नाही.

हाडाचा गंज म्हणजे सिलची पेटी, शॉकचे घुमट, मागच्या दांड्याचे कंस, लोअर आर्मची बैठक, बेल्टचे आधार. यातली एखादी जागा गेली असेल आणि हाताशी कसबी पत्रेवाला असेल, तर गाडी वाचते. दोन्ही सिल गेले आणि त्यासोबत मागचा कंस किंवा पुढचा घुमटही गेला, तर माझ्या मते थांबावं. कारण नवा तुकडा ज्याला जोडायचा तो शेजारचा पत्राच उरलेला नसतो. वाळवी लागलेल्या घरात एक वासा बदलता येतो, पण सगळे वासे ज्या तुळईवर टेकलेत तीच पोकळ झाली असेल तर सुतार तरी काय करणार?

जिप्सी, सुमो, बोलेरो, जुनी जीप यांचं गणित जरा वेगळं. त्यांना खाली स्वतंत्र चेसिस असतं, त्यामुळे वरची बॉडी कुजली तरी ती दुरुस्त होऊ शकते. मात्र त्यांचं चेसिसच आतून सडलं असेल, तर ते बदलायला आरटीओची मंजुरी लागते आणि ते काम सोपं नाही. जुन्या पद्मिनीवाल्यांनाही (म्हणजे फियाटवाल्यांनाही) एक सांगतो: जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. तुमची फियाट त्या वयाची असेल तर भंगाराचा विचार करण्याआधी एखाद्या जाणकार जीर्णोद्धार करणाऱ्याला दाखवा.

पायरी ३: खर्चाचा हिशेब पावसाळ्यांत मांडा

किमान दोन पत्रेवाल्यांकडून लेखी अंदाज घ्या. नुसता आकडा नको. कुठला भाग कापणार, कुठला नवा घालणार, आतून काय फवारणार, हे लिहून घ्या. तुम्ही काढलेले खडूचे फोटो दाखवा, म्हणजे बोलणं मुद्द्यावर राहील. अंदाजात रंगकाम, काच काढणं-बसवणं, कार्पेट, वायरिंग हे सुटलेलं असतं. ते विचारून जोडा. वेल्डिंग सुरू झाल्यावर आणखी सडलेलं निघतंच, त्यासाठी वेगळी तरतूद ठेवा.

गाडीच्या बाजारभावाशी या खर्चाची तुलना करू नका. जिच्यावर माया आहे त्या गाडीच्या बाबतीत ती तुलना नेहमी नकारार्थीच येणार. त्याऐवजी विचारा: एवढं केल्यावर गाडीला किती पावसाळे मिळतील? पाच-सहा मिळणार असतील आणि गाडी घरात राहावी ही मनापासून इच्छा असेल, तर खुशाल करा. एकच मिळणार असेल तर तो पैसा पाण्यात गेला. सांगाडा संपला असेल, तर पैशाचा प्रश्न उरतच नाही. मग प्रश्न असतो तो तिच्यात कोण बसणार याचा.

हे बोलणं घरात नीट होऊ द्या. ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांना गॅरेजमध्ये न्या, खाली उभं करून टॉर्च त्यांच्या हातात द्या. आमच्याकडे बाबांना फोटो दाखवून काही उपयोग नव्हता. त्यांनी स्वतः सिलमध्ये बोट घातलं, गंजाचा भुगा हातावर पाहिला, आणि "आता हिला त्रास नको" एवढंच म्हणाले.

पायरी ४: लांबी भरून विकू नका

हा सल्ला वेगळ्या पायरीत लिहितोय कारण मोह इथेच होतो. कुणीतरी सांगतं, थोडं पत्राकाम करा, लांबी भरा, रंग मारा, घाटावरचं गिऱ्हाईक येईल आणि चालू गाडी म्हणून बरे पैसे देईल. ज्या गाडीत तुम्ही तुमच्या मुलांना बसवणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलांसाठी विकायची नाही. सांगाडा गेलेली गाडी रस्त्यावर परत जाता कामा नये.

दुसरा मोह गावातल्या भंगारवाल्याचा. तो दारात येतो, रोख देतो, गाडी उचलतो. पण आरटीओच्या नोंदीत गाडी तुमच्याच नावावर राहते. पुढे तिचे भाग, नंबर किंवा कागद कुठे वापरले गेले याचा जाब तुम्हाला द्यावा लागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय की गाडी हातोहात विकली गेली असली, तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. शिवाय इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरीतलं आम्ल आणि एसीचा गॅस उघड्यावर कुठेतरी सोडला जातो. आपल्या विहिरी लांब नसतात.

पायरी ५: कागद आधी, गाडी नंतर

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रांसाठी नियम केले. तेव्हापासून रीतसर मार्ग म्हणजे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र. त्यांची यादी आणि अर्जाची सोय परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरण नियमांनुसार तर आयुष्य संपलेलं वाहन १८० दिवसांच्या आत अशा केंद्रात किंवा संकलन केंद्रात जमा करणं ही मालकाची जबाबदारी आहे.

केंद्राला फोन करण्याआधी पुढच्या गोष्टी उरका.

आरसी बुक काढा आणि नाव पाहा. गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती. कोकणात निम्मी प्रकरणं इथेच अडकतात, कारण एक भाऊ मुंबईत, एक बहीण गोव्यात. सह्यांना वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यात आधी सुरू करा.

कर्ज फार पूर्वी फिटलं असेल, पण आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेत जुना कर्ज क्रमांक घेऊन जा. थकलेले ई-चलन आणि कर भरून टाका. केंद्र गाडी घेण्याआधी चोरीची नोंद, बोजा आणि थकबाकी तपासतं.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आरसीवरचा चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) गाडीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे, आणि गंजलेल्या गाडीत तो वाचताच येत नाही असं होतं. मऊ ब्रशने आणि थोड्या रॉकेलने हलकेच पुसा. ग्राइंडर, घासकागद, छिन्नी अजिबात लावू नका. खरवडलेला नंबर म्हणजे खाडाखोडीचा संशय. तरीही वाचता येत नसेल तर तसेच फोटो घेऊन आधी आरटीओत विचारा.

भाव किमान दोन केंद्रांकडून घ्या. तो मुख्यतः वजनावर आणि त्या वेळच्या लोखंडाच्या दरावर ठरतो. ८०० चं रिकामं वजन साधारण ६५० किलो, आणि त्यातलं सगळं काही लोखंड नसतं, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. वाहन भंगार धोरण जाहीर करताना सरकारने भंगारमूल्य नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरलं होतं. गाडी पूर्ण आहे की नाही यावरही भाव हलतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) असेल तर तो जागेवर असू द्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, आणि "सायलेन्सर साफ करतो" म्हणत तो काढून नेणारे फिरत असतात. ने-आणीचा खर्च कुणाकडे, हेही आधीच ठरवा. कोकणातून केंद्रापर्यंतचं अंतर मोठं असतं, आणि तिथेच भावातला फरक खाल्ला जातो.

पायरी ६: काय ठेवायचं, काय काढायचं

सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, स्टेपनीच्या खळग्यात हात घालून सगळं बाहेर काढा. जुनी बिलं, टोलच्या पावत्या, कॅसेट, आणि हमखास कुणाचा तरी हरवलेला कानातला डूल. डॅशबोर्डवरचा गणपती सगळ्यात आधी सन्मानाने घरात न्या.

आठवण म्हणून गिअरची मूठ, कंपनीचं नावाचं चिन्ह, आतला आरसा, चावी ठेवायला हरकत नसते, पण केंद्राला आधी सांगा. म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, मॅट दुसऱ्या गाडीला चालतील. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे काढून विकायच्या भानगडीत पडू नका, कारण गाडीची ओळख आणि भाव दोन्ही जातात. नंबर प्लेट ठेवावीशी वाटते, हे समजू शकतो. फोटो काढा आणि प्लेट गाडीसोबत जाऊ द्या. प्लेट हरवली किंवा चोरीला गेली तर तुमचा नंबर दुसऱ्या गाडीवर फिरेल.

सीएनजी किट असेल तर सिलिंडर भंगारात सुटा विकू नका. त्यात गॅस उरलेला असू शकतो. अधिकृत किटवाल्याकडून तो रिकामा करून उतरवा, किंवा स्क्रॅपिंग केंद्राला तो घेण्याबद्दल विचारा.

शेवटची फेरी मारायची इच्छा होणारच. ब्रेकच्या नळ्या आणि चाकांचे कंस शाबूत असतील, नोंदणी आणि विमा चालू असेल, तर पहाटे रिकाम्या रस्त्यावर, हळू, जवळपास. नसतील तर अंगणातच स्टार्ट करा. घरातल्या प्रत्येकाला एकदा स्टिअरिंगवर बसू द्या. फोनवर इंजिनचा, हॉर्नचा, दरवाजा बंद होण्याचा आवाज रेकॉर्ड करा. फोटो सगळेच काढतात, आवाज कुणी ठेवत नाही, आणि काही वर्षांनी त्याचीच आठवण येते. गाडीला हार-नारळ करायचा असेल तर मनापासून करा, त्यात काही कमीपणा नाही. पण दसऱ्यापर्यंत थांबायचं म्हणून सडलेली गाडी पावसात मातीवर उभी ठेवू नका. सिमेंटच्या कोब्यावर, छपराखाली, बॅटरी काढून ठेवा.

पायरी ७: पाठवण्याचा दिवस

गाडी चालवत केंद्रापर्यंत नेऊ नका. आंबा किंवा कशेडी घाटात सडलेल्या सांगाड्याची परीक्षा घ्यायची वेळ नाही ही. दोरीने ओढूनही नाही. ओढायची कडी ज्या पत्र्याला जोडलेली आहे तोच कुजलेला असतो आणि कडी उपटून येते. सपाट फळीचा टोइंग ट्रक बोलवा आणि चारही चाकं वर चढवून बांधायला सांगा.

जाण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी, किलोमीटरचे, चेसिस नंबराचे फोटो घ्या. ताबा देताना पोचपावती घ्या: तारीख, वेळ, किलोमीटर, सोबत दिलेले कागद. आरसीची झेरॉक्स आणि स्कॅन तुमच्याकडे राहू द्या. पैसे रोख घेऊ नका, ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच बँक खात्यात घ्या.

स्क्रॅपिंग केंद्राकडून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र, मिळतं. हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात मोलाचा कागद. त्यावर नवी खाजगी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होऊ शकतं, आणि केंद्र सरकारच्या नियमांत मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. प्रत्यक्षात किती द्यायची हे राज्य ठरवतं, तेव्हा नवी गाडी बुक करण्याआधी आरटीओत त्या दिवशीचा दर विचारा. डीलरलाही विचारा, काही कंपन्या अधूनमधून वेगळी सूट देतात. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे सर्टिफिकेट दुसऱ्याला विकता येतं. त्याला मुदत असते, ती कागदावर पाहून ठेवा.

गाडी प्रत्यक्ष मोडल्यावर वाहन मोडल्याचं प्रमाणपत्र निघतं. ते मागून घ्या, ते आपोआप घरी येईल अशी वाट पाहू नका.

पायरी ८: गाडी गेल्यानंतरची कामं

नोंदणी रद्द झाली का, हे एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा. महिना उलटूनही नोंदणी चालू दिसत असेल तर दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्का घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमचं निकामी झालेलं वाहन १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवणं मालकाचं काम आहे, त्यामुळे तुमची बाजू कागदावर असू द्या.

विमा गाडी दारातून जाईपर्यंत चालू ठेवा, आधी रद्द करू नका. नंतर प्रमाणपत्र दाखवून तो रद्द करा आणि उरलेल्या मुदतीचा हप्ता किती परत मिळतो ते विचारा. सर्वसमावेशक विमा असेल तर नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) राखून ठेवल्याचं पत्र मागा. हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत असतो, तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला लावता येतो, आणि लोक तो मागायला विसरतात.

फास्टॅग बंद करा. नुसता काचेवरून फाडून चालत नाही. ज्या बँकेचा आहे तिच्या ॲपवरून किंवा ग्राहक सेवेवरून बंद करून उरलेली रक्कम परत घ्या. सोसायटीच्या गेटचं स्टिकर, पार्किंगचा पास, पेट्रोल पंपावरचं उधारीचं खातं, हेही बघा.

दोन्ही प्रमाणपत्रं, पोचपावती, बँकेची नोंद आणि फोटो एका फाइलमध्ये किमान पाच-सात वर्षं ठेवा. जुन्या नंबरावर चुकून आलेलं ई-चलन किंवा कराची नोटीस या फाइलनेच निकालात निघते. एक प्रत ज्यांच्या नावावर गाडी होती त्यांच्या कपाटात असू द्या.